राऊळवहिनी आणि साठ उंबऱ्यांचं सुतक

माणूस कधी मरेल हे कोणाच्या हातात नसतं, एवढी अक्कल मला आहे. तरीही राऊळांच्या भावकीतली माणसं ज्या मुहूर्तावर मरायची, तो पाहून माझा संताप व्हायचा. कोणी संकष्टीच्या आदल्या दिवशी जायचं, कोणी घटस्थापनेच्या तोंडावर. मी कोकणातली नाही, राऊळांच्या नात्यातली तर नाहीच नाही. पण आमच्या दोघींच्या खोल्यांमध्ये एकच भिंत होती, आणि ऑर्डर बोंबलली की वहिनी पलीकडे जी भांडी आपटायच्या, ती इकडे माझ्या कपाळात वाजायची.

कांजूरमार्गच्या त्या चाळीत आम्ही साताऱ्याकडून आलेलो. घर बौद्धांचं. माझे मिस्टर कारखान्यात होते आणि मी मुलुंडच्या एका शाळेत शिकवायचे. राऊळ कुडाळकडचे. ते गिरणीत होते. संप झाला आणि त्यांची गिरणी बंद पडली ती पडलीच. राऊळ घरी बसले आणि वहिनी उठल्या. चाळीतल्या एका पूजेचा प्रसाद त्यांनी करून दिला, त्याचं नाव झालं, मग मुलुंड-घाटकोपरच्या बिल्डिंगांतून बोलावणी येऊ लागली. तिथल्या बायका बँकेत, टेलिफोनात नोकरीला; सणावारी त्यांना घरी पुरण वाटायला सवड कुठली? वहिनींनी ते बरोबर ओळखलं होतं. उकडीचे मोदक, पुरणपोळ्या, सत्यनारायणाचा शिरा, नैवेद्याचं सगळं पान. जे देवापुढे जातं तेच त्या करायच्या. रोजची पोळी-भाजी करा म्हटलं तर नाक मुरडायच्या. "ता कोणीय करतला," म्हणायच्या.

बाई अंगाने काडी, पण कामाला लागली की तिच्या आसपास फिरकायची सोय नव्हती. पहाटे अंघोळ करून, रात्री वेगळ्या दोरीवर वाळत घातलेलं लुगडं नेसून त्या स्टोपुढे बसायच्या. त्या लुगड्याला कोणाचा हात लागला की झालं. एकदा माझा धाकटा पकडापकडी खेळताना त्यांना जाऊन आदळला. वहिनी हातातली पारी खाली ठेवून उठल्या, परत अंघोळ केली, परत बसल्या. त्यापेक्षा त्यांनी पोराला दोन धपाटे घातले असते तर मला कमी लागलं असतं.

त्या उकडीशी बोलायच्या. नीट मऊसूत आली की "शाणी गो माजी," आणि फुटायला लागली की "मेले, तुका आजच सुचला?" माझ्याशीही साधारण तसंच बोलायच्या. मला नावाने त्यांनी कधी हाक मारली नाही, मी 'मास्तरीण'. मोठी ऑर्डर असली की भिंतीवर थाप पडायची, "मास्तरणी, इतको नारळ खवन दी गो." मी विळी घेऊन त्यांच्या उंबऱ्याबाहेर बसायची आणि त्या आत. नारळ खवायला माझा हात चालायचा, उकडीला नाही. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. फाटलेले मोदक मात्र न चुकता आमच्याकडे यायचे. "फाटलेलो देवाक चालत नाय," ताट पुढे करून त्या म्हणायच्या, "तुका चालता." त्या हसायच्या, मीही हसायची. मोदक गोड असायचे, पण प्रत्येक वेळी मला ते तितके गोड लागले असं नाही.

तर सुतक. राऊळांची भावकी म्हणजे गावात साठेक उंबरे. त्यातल्या कोणत्याही उंबऱ्यात कोणी मेलं की दहा दिवस सगळ्या साठांना सुतक. पोर जन्मलं तरी सोयर, म्हणजे पुन्हा तेच. तेवढे दिवस देवाचा दिवा नाही आणि देवाच्या पानासाठी हात नाही. साठ घरांत वर्षभरात कोणी ना कोणी जाणार, कोणी ना कोणी जन्मणार. वहिनींचे महिन्याचे चार दिवस तर धरूनच नव्हते. उरलेल्या दिवसांत धंदा करायचा. असला धंदा करायला माणूस एक तर खुळा हवा, नाही तर राऊळवहिनी.

गिरणी गेल्यावर राऊळांकडे एकच काम उरलं होतं, घराचं सोवळं सांभाळायचं. पंचांग त्यांच्या उशाशी असायचं. तसा माणूस वाईट नव्हता. दारू नाही, पत्ते नाहीत, मुलीवर जीव. पण त्यांच्या मनात एक भीती ठाण मांडून बसली होती. सुतकातल्या हाताने देवाला काही दिलं तर ते आपल्या नंदावर उलटेल, असं त्यांना खरोखर वाटायचं. नंदा त्यांची एकुलती एक. त्या भीतीपुढे वहिनी गप्प व्हायच्या, कारण ती थोडी त्यांच्यातही होती.

सुतकाची खबर आणायचे गोपाळभावजी, राऊळांचे चुलतभाऊ. गिरगावापासून दहिसरपर्यंत भावकीची जेवढी बिऱ्हाडं होती तेवढी ते पायाखाली घालायचे. टोपी, छत्री आणि पडलेला चेहरा. घरात यायचे नाहीत, पाणी घ्यायचे नाहीत. दारात उभे राहून घसा साफ करायचे आणि अमुक अमुक गेले म्हणून सांगायचे. ते चाळीच्या तोंडाशी दिसले की पोरं ओरडत सुटायची, कारण आधीच झालेल्या पोळ्या आता चाळीत वाटल्या जाणार हे त्यांना पाठ झालं होतं. घाटकोपरच्या एका पूजेच्या दिवशी असंच झालं. शेवटची पोळी तव्यावर आणि भावजी दारात. कोण गेलं? राऊळांच्या आजोबांच्या चुलतभावाचा नातू. वहिनींनी त्याला जन्मात पाहिलेला नव्हता. त्या दिवशी सगळ्या चाळीने पुरणपोळी खाल्ली आणि वहिनी न्हाणीत डोक्यावरून पाणी घेताना त्या नातवाच्या नावाने जे जे बोलल्या, ते मी मास्तरीण असल्यामुळे लिहीत नाही.

मग त्यांना गावच्या भटजींकडून एक गोष्ट कळली. खबर उशिरा कानावर आली तर सुतकही कमी होतं. दहा दिवस उलटून गेल्यावर ऐकलं तर तीनच दिवस पाळायचं. सुतक कानातून घरात शिरतं, हे कळल्यावर वहिनी कानांची राखण करायला लागल्या. नवरात्राच्या नैवेद्याची ऑर्डर होती आणि भावजींची छत्री दिसली. राऊळ रॉकेलच्या रांगेत होते. वहिनी पिठाच्या हातांनीच गॅलरीत आल्या आणि वरूनच ओरडल्या, "भावजी, बोलू नका! आज माका काय्येक सांगू नका!"

"अगो पण वहिनी, आपले ते..."

वहिनींनी दोन्ही कानांत बोटं घातली. "नाव काढू नका! ह्यांकाय सांगू नका. फुडच्या आठवड्यात येवा. फुडच्या आठवड्यात गेले म्हणान समजतंय मी!"

सगळी चाळ गॅलरीत. भावजी खाली उघडं तोंड घेऊन उभे. शेवटी बिचारे छत्री उघडून परत गेले. पुढच्या आठवड्यात, दहा दिवस उलटल्यावर आले, दारात उभे राहिले, घसा साफ केला. वहिनींनी अगदी गंभीर चेहऱ्याने ऐकून घेतलं, डोळ्यांना पदर लावला, अंघोळ केली आणि तीन दिवस पाळले. मी हसून हसून मेले होते. वहिनी मात्र हसल्या नाहीत. "फसवलंय नाय मी देवाक," मला म्हणाल्या. "आयकलाच नाय तर लागतला कसा?" त्यांच्या लेखी तो हिशेब चोख होता.

त्यांना खरी हाव होती ती जागेची. दहा बाय बाराच्या त्या खोलीत नवरा, मुलगी आणि गावाहून आलेलं कोणी ना कोणी. कोणाला मुंबईत नोकरी शोधायची असायची, कोणाला डोळा दाखवायचा असायचा. वहिनी देवाचं पान वाढतायत आणि पलीकडे पाहुणा विडी ओढत बसलाय. "माका एक दार व्हया," त्या म्हणायच्या, "जेच्यापुढे पावण्यांची चपला नसतली." आणि तसं दार मिळायची वेळ खरंच आली होती. मुलुंडच्या एका मोठ्या सोसायटीच्या आवारात एक गाळा रिकामा होता. नैवेद्य, पोळ्या, फराळ करून देणाऱ्या एखाद्या बाईला तो द्यावा, असं सोसायटीत चाललं होतं. तिथल्या जोगळेकरकाकू वहिनींच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांनी वहिनींचं नाव घातलं. कमिटी म्हणाली, यंदा गणपतीला सोसायटीचे सगळे मोदक त्यांच्याकडून घेऊ, नीट पार पडलं तर गाळा त्यांचा.

आता गणपतीत कोकणी माणूस मुंबईत राहतो का? राऊळांच्या घरी वाजलं. सुनेने गावच्या घरचे मोदक सोडून मुलुंडकरांचे वळायचे म्हणजे काय! सासूचा निरोप आला, दिरांचा आला. वहिनींनी राऊळांची आणि नंदाची बॅग स्वतःच भरली, दोघांना एसटीत बसवून आल्या आणि येताना मंडईतून गूळ घेऊन आल्या. चाळ निम्मी रिकामी झाली होती. "गोपाळभावजीय गावाक गेले," त्या मला म्हणाल्या. "आता हय खबर सांगूक कोण ऱ्हवलाच नाय!" त्यांना इतकं खुशीत मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

गणेशचतुर्थीची सकाळ. सारण आदल्या दिवशीच झालेलं. मी शाळेला सुट्टी म्हणून उंबऱ्यावर विळी घेऊन बसलेली, जास्तीचा नारळ खवत. वहिनींचे दोन्ही हात उकडीत. मोदकपात्रात पाणी उकळायला लागलं होतं. एवढ्यात जिना चढून कोणी आलं म्हणून मी मान वर केली, तर राऊळ. दाढी वाढलेली, हातात पिशवी, डोळे लाल. ज्या माणसाला कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला सकाळची दुपार व्हायची, तो रात्रभर एसटीत बसून कुडाळहून मुंबईला आला होता. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. पण कानाला लावायला हात मोकळे नव्हते.

"धाकटे काका गेले," राऊळ म्हणाले. "परवा सांजचे. सुतक आसा. मोदक करू नको."

वहिनींनी हात उकडीतून काढले. राऊळ खाली मान घालून म्हणाले, "गावात ऱ्हवलो आसतंय तर तू केलं आसतंस. आणि नंदाच्या जीवावर काय इला आसता तर?" आणि ते दारातच बसले, प्रवासाने अंग मोडून गेल्यासारखे. त्यांच्यावर ओरडावं असं मला फार वाटलं. पण ज्या माणसाचा चेहरा भीतीने एवढासा झालाय, त्याच्यावर काय ओरडणार?

मी विळी बाजूला ठेवली. म्हटलं, "वहिनी, आमच्याकडे सुतक पाळत नाहीत. सगळं सामान माझ्या घरात आणू. मी करते. तुम्ही दारात बसून सांगा."

वहिनी म्हणाल्या, "तुका मुरडूक येता खंय?"

"शिकवा. तासाभरात येईल."

"काकूंनी विचारल्यानी, कोणी केल्यानी, तर?"

"सांगा, शेजारणीने केले."

"कोण शेजारीण, विचारतीत." त्यांनी मान खाली घातली. "माझ्या हातचा चालवन घेतत, ताच खूप आसा गो. तुझा कसा सांगू?"

असं सरळ त्या पहिल्यांदाच बोलल्या. मला बरं वाटायला हवं होतं, निदान खरं तरी बोलल्या. पण माझ्या अंगाची लाही झाली. ज्या रिवाजाने या बाईची मान धरली होती, तोच रिवाज ती माझ्यापुढे धरून बसली होती, आणि तेही स्वतःचा गाळा हातचा जात असताना! मी हात धुतले आणि माझ्या घरात निघून गेले. दार लावलं नाही, एवढंच.

त्यामुळे पुढचं सगळं मला ऐकू आलं. मोदक न्यायला जोगळेकरकाकू रिक्षा घेऊन आल्या. वहिनींनी त्यांना सांगितलं, सुतक आलंय. काकू हळू आवाजात म्हणाल्या, "हे बघा राऊळबाई, आरती दुपारची आहे. इतके मोदक मी आता कुठून आणू? मला तुम्ही काही सांगितलंच नाही असं मी समजते. पटापट वळा. मी थांबते."

वहिनींनी मोदकपात्रावर झाकण ठेवल्याचा आवाज आला.

"अहो, कोणाला कळणार आहे? आणि हल्ली एवढं कोण बघतं!"

मग राऊळांचा आवाज आला, आणि मला माझ्या कानांवर विश्वास बसेना. "काकू म्हणतत तर कर," ते म्हणाले. "येवढा सामान फुकट जातला. त्यांचीच हरकत नाय, तर दोष आमका खंयचो?"

मी माझ्या दारात येऊन उभी राहिले. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. राऊळांकडे त्यांनी ज्या नजरेने पाहिलं, तसं माझ्याकडे कोणी पाहिलं असतं तर मी घर सोडून गेले असते.

"रातभर एसटीत बसान तुमी सांगूक इलात," त्या म्हणाल्या. "तुमी सांगितलात, मी आयकलंय. आयकलेला आता पुसून कसा टाकू?"

काकूंनी खूप समजावलं. मग चिडल्या. म्हणाल्या, "तुमच्यासारख्यांवर भरवसा ठेवून आम्ही सोसायटीत शब्द टाकतो, आणि तुम्ही ऐन वेळी हे असं!" आणि त्या रिकामे डबे घेऊन खाली गेल्या. रिक्षाचा आवाज गेला तरी वहिनी हलल्या नाहीत. मोदकपात्राखालचा स्टो शेवटी राऊळांनीच बंद केला.

मला आजही ठरवता येत नाही की त्या दिवशी मी सर्वांत जास्त कोणावर चिडले होते. देवाच्या भीतीने धावत येऊन रिक्षा दिसताच देवाला गुंडाळून ठेवणाऱ्या राऊळांवर? सोयीपुरतं सोवळं पाळणाऱ्या काकूंवर? की सगळ्यांनी दार उघडून दिलं असताना आत पाय न टाकणाऱ्या त्या हट्टी बाईवर? कोणीच पाळत नव्हतं ते सुतक. एकट्या वहिनींनी पाळलं, आणि भरलंही एकट्या वहिनींनी. गाळा दुसऱ्या कोणाला तरी गेला. मुलुंडच्या ऑर्डरी हळूहळू आटल्या. आम्ही दोघी काही दिवस बोललो नाही, मग बोलायला लागलो, पण नारळ खवायला त्यांनी मला परत बोलावलं नाही. बोलावलं असतं तर मी गेले असते की नाही, मला माहीत नाही.

पुढे आम्हाला दहिसरला जागा मिळाली आणि चाळ सुटली. माझी शाळा मात्र मुलुंडलाच राहिली. दोनेक वर्षांनी, एका संकष्टीला, आमच्या शाळेतल्या एका बाईंनी मला सोबत ओढलं. त्यांना मोदक घ्यायचे होते. त्या मला नेमक्या त्या सोसायटीच्या आवारात घेऊन गेल्या. गाळ्यावर रंगीत पाटी लागली होती, बाहेर गिऱ्हाइकांची गर्दी. आत एका रांगेत पाच-सहा बायका पाटांवर बसून मोदक वळत होत्या. टोकाला वहिनी. केस पांढरे झालेले, अंगाने अजून वाळलेल्या. त्यांच्या शेजारी पाऱ्या करून देणारी बाई मी ओळखली. आमच्यातलीच, आमच्या विहारात यायची. ती पारी करून वहिनींच्या हातात देत होती आणि वहिनी न बघता घेत होत्या.

मला पाहून त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या. "मास्तरणी! बारीक झालंस गो." घरचं विचारलं, पोरांचं विचारलं. नंदा कॉलेजात जाते म्हणाल्या. मी म्हटलं, "आणि राऊळ?"

"गावाक गेलेत. थोरले दीर गेले. आज चार दिस झाले."

मी त्यांच्या हातांकडे बघितलं. बोटांना उकड लागलेली होती. थोरले दीर म्हणजे राऊळांचा सख्खा भाऊ. "वहिनी," मी म्हटलं, "मग तुम्ही आज इथे? मोदकांना?"

"हो धंदो खंय माझो?" त्या म्हणाल्या. "मालकीण वेगळी. तिका आमचा सुतक लागत नाय. मी पगारी."

"पण राऊळ..."

"ह्यांनीच सांगून ठेवल्यानी. एसटीत चढताना म्हणाले, तू खाडो करू नको, पगार कापतीत." त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, आता त्या रडतील, नाही तर शिव्या घालतील. एखादं भांडं आपटलं असतं तरी मला चाललं असतं. पण त्या नुसत्या उभ्या राहिल्या.

आतून मालकिणीने हाक मारली, "राऊळबाई, गप्पा नंतर. घाणा पडून राहिलाय बघा सगळा."

"इलंय," वहिनी म्हणाल्या आणि आत जाऊन आपल्या पाटावर बसल्या. शेजारच्या बाईने पारी पुढे केली. वहिनींनी ती घेतली आणि मुरडायला लागल्या.